पेटीतला टॉवेल

टॉवेल माझा होता. त्यात शंकेला जागाच नव्हती. मोबाइलच्या वीतभर काचेत ती अंधारी लाकडी पेटी दिसत होती, वरच्या भोकातून नेहमीसारखा हात आत आला, आणि त्या हातानं आतल्या फळीवर एक टॉवेल लटकवला, तसा मी गादीवर सरळ होऊन बसलो. पेटीत रंग दिसत नाहीत, सगळं राखाडी दिसतं. पण किनार दिसली. किनारीत करवतीचे दात, आणि दर पाचवा दात उलटा. अशी किनार सोलापुरात दुसऱ्या कुणाच्या मागावर कधी निघाली नाही, कारण ती माझ्या मागावरही चुकूनच निघाली होती. मागावरची नक्षीची एक खुंटी उलटी बसली, अख्खा लॉट तसाच विणून झाला, मी कपाळाला हात लावून बसलो, आणि लातूरचा एक व्यापारी म्हणाला, हीच पाहिजे, पुढच्या वेळी हीच द्या. मग माग विकेपर्यंत तीच काढत राहिलो. म्हणजे माझी चूक भवानी पेठेतून निघून कुठल्या कुठं जाऊन त्या बदकिणीच्या घरात लटकली होती. समोरच्या सुताच्या दुकानातला चनबसप्पा माझ्या टॉवेल-चादरींच्या दुकानात माझ्याच गादीवर बसून चहा पीत होता. तो म्हणाला, "काय सावकार, शेअर बाजार लई चढला जणू? उठूनच बसलाव." मी म्हणालो, "व्हय. चढलाय." मोबाइल मी जरा त्याच्या उलट्या बाजूला वळवला.

ती पेटी इंग्लंडात आहे. तिथं एका गावाबाहेर पक्षी सांभाळायचं मोठं ठिकाण आहे, तळी, झाडं, जाळ्या, सतत भुरभुर पाऊस, आणि माझी पोरगी काव्या तिथं कामाला आहे. पेठेत कुणी विचारलं तर मी सांगतो, पक्ष्यांची डॉक्टर आहे. खरं म्हणजे ती अंडी उबवते. आमच्या घरात अंड्याचं नावसुद्धा घेत नाहीत. वाढदिवसाला केक आणायचा तर गुरम्मा, माझी बायको, बेकरीवाल्याकडून तीन वेळा शपथ घ्यायची आणि तरी स्वतः एक कणही तोंडात घालायची नाही. अशा गळ्यात लिंग बांधणाऱ्या लिंगायत घरातली एकुलती एक पोर सातासमुद्रापलीकडं अंडं कानाला लावून आत काही हलतंय का ऐकते. आणि अंडी तरी कुणाची? तर आसामातल्या बदकाची. देवहंस म्हणतात म्हणे त्याला तिकडं. काळं अंग, पांढरं ठिपक्याठिपक्यांचं डोकं, ओल्या दाट जंगलात झाडाच्या ढोलीत राहणारं. जंगल तुटलं, ढोल्या गेल्या, आता आपल्या देशात ते मोजकं उरलंय. पण फार पूर्वी कुणी काही जोड्या विलायतेत नेल्या होत्या, त्यांची प्रजा पिढ्यान् पिढ्या तिथल्या जाळीत वाढते आहे. हे सगळं मला गुरम्मानं सांगितलं, पोळ्या लाटता लाटता, जसं काही ते बदक तिच्या माहेरचं आहे. मी म्हणालो, "म्हणजे मूळ आसामचं आणि आसाम बघितलेलं त्यात एकबी न्हाय." ती म्हणाली, "त्याला काय झालं? रक्ताला माहीत असतंय की." रक्ताचा विषय आमच्या घरात नको असतो.

काव्या माझ्याशी बोलत नाही, त्याला चार वर्षं झाली. अक्कलकोटचं स्थळ आलं होतं, माणसं येऊन पोहे खाऊन गेली होती, आणि दुसऱ्या दिवशी ही म्हणते, मला तिकडं काम मिळालंय, मी जाते. मी म्हणालो, जातीस तर जा, मग मला फोन करू नको. आता बाप रागाच्या भरात काय काय बोलतो. मागावरच्या माणसांना मी रोज सांगायचो, उद्यापासून येऊ नका, आणि दुसऱ्या दिवशी सगळी हजर असायची. बोलणं किती धरायचं आणि किती सोडायचं हे माणसाला कळायला पाहिजे. पण ती माझीच पोरगी. नको म्हटलं ना, मग नाही केला. मीही तिचा नंबर काढून टाकला, ती निघाली तेव्हा दाराशीसुद्धा आलो नाही, आणि मी चुकलो असं मी आजही म्हणणार नाही. एवढंच सांगतो की रविवारी गुरम्मा स्वयंपाकघरात तिच्याशी बोलत असते तेव्हा मी बाहेरच्या खोलीत पेपर उघडून बसतो आणि पान उलटत नाही. पान उलटलं की कागद वाजतो. पलीकडचं काही ऐकू येत नाही, गुरम्माचंच येतं. तेवढ्यावरून मी पलीकडचं जुळवतो. एकदा ती म्हणाली, "घेतात की. सकाळची तेवढी विसरतात." म्हणजे तिनं माझ्या बीपीच्या गोळीचं विचारलं होतं. तेवढ्या एका वाक्यावर माझा सबंध आठवडा गेला.

पेटीचं मला असंच कळलं. एका दुपारी गुरम्मा तुरीच्या डाळीच्या डब्याला मोबाइल टेकवून मेथी निवडत बसली होती आणि काचेवर नुसता अंधार. मी म्हणालो, "काय बघतीस? बिघडला काय?" ती म्हणाली, "गप बसा. बसलीय ती अंड्यांवर." पेटीत कॅमेरा लावलाय, जगात कुणालाही बघता येतं, असं म्हणाली. मी म्हणालो, दुनियेला काय कामं नाहीत. आणि तिथंच उभा राहिलो, कारण तेवढ्यात बदकीण उठून वरच्या भोकातून बाहेर गेली आणि एक हात आत आला. आतली एक सुतळी सुटली होती. त्या हातानं ती एकट्यानंच, अंगठा आणि दोन बोटं, बघता बघता बांधून टाकली. मागाची गाठ होती ती. ताण्याची, म्हणजे उभ्या सुताची, तार तुटली की एका हातानं फणी धरायची असते आणि दुसऱ्यानं गाठ मारायची असते, गाठीला दोन्ही हात मिळत नाहीत. ही गाठ मी काव्याला शिकवली नाही. ती शाळेतून आली की दप्तर सुताच्या पोत्यावर टाकून माझ्या मागाशी उभी राहायची, माझ्या बोटांकडं बघत, आणि एक दिवस मी पाणी प्यायला गेलो तोवर तिनं तुटलेली तार जोडून ठेवली होती. माग चालू केला, गाठ फणीतून सुळकन गेली, कापडात कुठं दिसलीसुद्धा नाही. तेव्हा मी तिला शाबास म्हणालो का? आठवत नाही. बहुतेक म्हणालो असेन.

तेव्हापासून दुकानात मी एवढंच करतो. मे महिन्यात दुपारी भवानी पेठेत गिऱ्हाईक कुठलं, रस्त्यावर कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. कूलर घरघरत असतो आणि मी पेटी बघत असतो. बदकीण बसलेली. बदकीण मान फिरवते. बदकीण चोचीनं अंडं उलटं करते. बाहेर पाऊस पडत असला तर त्याचा आवाज येतो, आणि मला बरं वाटतं, इथं अंगाची लाही होत असताना तो आवाज ऐकायला. दिवसातून एकदा ती खायला बाहेर जाते, आणि मग हात येतो. अंड्यांवरची पिसं हळूच बाजूला करतो, एकेक अंडं बोटांनी चाचपतो, पुन्हा पिसं ओढतो. जेमतेम मिनिटभर. हात वाळलाय. भाकरी कुठली मिळायला तिथं. एकदा अंगठ्याचं नख काळं पडलेलं दिसलं, दाराबिरात सापडलं असणार, आणि तो डाग जरा पुढं सरकलाय का, हे मी रोज बघत होतो. गुरम्माला विचारता येत नव्हतं, नख कसं काय काळं झालं. विचारलं असतं तर मी बघतो हे कळलं असतं. चेहरा काही कधी दिसत नाही. माणसाला बघावंसं वाटलं की किती थोड्यावर भागवावं लागतं, हे मला या वयात कळायचं होतं.

तर टॉवेल. माझ्या घरचा टॉवेल तिनं इतकी वर्षं जपून ठेवला, एवढंच मला आधी सुचलं, आणि चनबसप्पाचा चहा संपेपर्यंत मी त्याच नादात होतो. फार बरं वाटत होतं. मग तो गेला, मी पुन्हा काच जवळ धरली, आणि या वेळी किनार सोडून कापडाकडं बघितलं. काल रात्री जेवताना गुरम्मा सांगत होती की अंड्यांना टोच पडली, पिलं आता निघतील, आणि निघाल्यावर जेमतेम एक दिवस पेटीत राहतील. मग आई बाहेर जाऊन खालून बोलावते आणि पिलं आतल्या फळीवरून चढून भोकातून खाली उड्या मारतात. जंगलातल्या ढोलीत असंच चालतं, पंख फुटायच्या आधीच. पण पेटी जुनी झालीय, आतल्या फळीच्या खाचा झिजून गुळगुळीत झाल्यात, पिलांना चढता यायचं नाही, म्हणून काव्या काळजीत आहे. आता तिनं चढायला हा टॉवेल लावला होता. टॉवेलवाल्याच्या पोरीलाच असलं सुचणार. टॉवेल विणताना दोन ताणे लागतात, एक ताठ आणि एक ढिला. ढिल्याचे वेढे वर उठतात, तेच लूप. वेढा मोकळा असतो म्हणून तर तो पाणी पितो. आणि मोकळा असतो म्हणूनच नखात अडकला की ओढत बाहेर येतो, जितकं ओढावं तितका येतो, आणि पायाभोवती फास बसतो. आमच्या मागच्या अंगणात दोरीवर वाळत घातलेल्या टॉवेलाला एकदा चिमणी अशी अडकली होती. फडफड फडफड करून पायाला पीळ घालून बसली, आणि मी पोचेपर्यंत मेली. काव्या शाळेतून यायच्या आत मी ती सोडवून तुळशीमागं पुरली आणि टॉवेल धुवायला टाकला. तिला कळू दिलं नाही. म्हणून तिला माहीत नव्हतं.

गुरम्मा सकाळीच अक्कलकोटला बहिणीकडं गेली होती. तिला सांगावं, ती काव्याला सांगेल, म्हणून मी फोन लावला. तो दुकानामागच्या आमच्याच घरात वाजायला लागला. फडताळावर चार्जिंगला लावून बाई निघून गेल्या होत्या. मी मधला पडदा सारून आत गेलो आणि वाजणाऱ्या फोनसमोर उभा राहिलो. बहिणीकडं करावा, ती गुरम्माला देईल, गुरम्माला लूप म्हणजे काय ते समजवावं, मग तिनं पुन्हा काव्याला समजवावं. तोवर तिथं पिलू निघालं असतं. जगात कुठं कुठं मोजकी उरलेली ती जात, आणि त्यातलं एक माझ्या टॉवेलाच्या फासात. मी गुरम्माचा फोन उचलला. काव्याच्या नावापुढं बदकाचं चित्र होतं. मी ते दाबलं आणि लगेच वाटलं, बंद करावा.

"हां अव्वा, थांब, हात धुते." पाणी वाजत होतं. इतक्या जवळून. आवाज जरा जाड झालाय, की तिथल्या थंडीनं बसला असेल. "बोल. जेवलीस? अप्पांनी गोळी घेतली?"

"घेतली," मी म्हणालो.

पाणी बंद झालं. मला वाटलं, ठेवला.

"अप्पा?"

"तो टॉवेल काढ."

"कुठला?"

"पेटीतला. पिलाचं नख लूपात अडकतंय. ओढलं की लूप निघत येतो आणि पायाला फास बसतो. चिमणीचं झालं होतं आपल्या अंगणात. तू शाळेत गेलतीस."

मग हळूच म्हणाली, "तुमी बघता?"

"तुझी अव्वा बघती. मी आपलं जाता-येता."

"बरं." त्या 'बरं'मध्ये काय होतं ते मी किती वेळा तरी आठवून बघितलं. "मग काय लावू? फळीवर पाय ठरत न्हाय पिलांचा. जाळी मागवलीय, पण ती यायला वेळ हाय."

"चादर लाव. सोलापुरी. वीण घट्ट असती, नख रुततंय पण अडकत न्हाय. हाय का तिकडं एखादी?"

"एकच हाय," ती म्हणाली. "माझ्या अंगावरची."

"कुठली?"

"निळी. मोरांची."

माझ्या पलंगावरची मोरांची निळी चादर ती गेली त्या दिवसापासून सापडत नव्हती. मी घर डोक्यावर घेतलं होतं. परटानं हरवली, असं गुरम्मानं सांगितलं, आणि मी त्या गरीब परटाला नको नको ते बोललो होतो. दुकानात चादरीला कुणी कात्री लावली तर मी हात धरतो, नमुन्यालासुद्धा तुकडा देत नाही, हे तिला माहीत होतं. म्हणून ती थांबली होती.

"फाड," मी म्हणालो.

"फाडू?"

"हातभर लांब पट्टी काढ. कडा दुमडून शिवून घे, धागा सुटा ऱ्हायला नको. आणि बांधताना गाठ..."

"गाठ येती मला, अप्पा."

मग आम्ही दोघंही फोन धरून राहिलो. तिच्याकडं लांब कुठंतरी बदकं ओरडत होती. माझ्याकडं कूलर घरघरत होता, तो तिला ऐकू जात असणार. मला विचारायचं होतं, नख कसं सापडलं. थंडी फार असते का. चादर फाडल्यावर काय पांघरशील. कधी येशील, हे तर विचारायचंच होतं, ते जिभेच्या टोकावर आलं आणि तिथंच चिकटलं. चार वर्षांचा गप्प राहायचा सराव काही एका टॉवेलानं मोडत नाही. मी म्हणालो, "ठेवतो." ती म्हणाली, "सकाळची गोळी विसरू नका." आणि फोन बंद झाला, तिनं केला की माझ्याच बोटानं झाला कळलं नाही.

संध्याकाळी बदकीण पुन्हा एकदा उठून बाहेर गेली तसा हात आत आला. टॉवेल सोडला, आणि बाहेर न्यायच्या आधी तिथंच, पेटीच्या अंधारात, दुकानात गिऱ्हाइकासमोर करतात तशी त्याची तिहेरी घडी घातली. मग पट्टी आली. मोराची मान आणि अर्धा पिसारा तिच्यात आला होता. कडा शिवलेल्या होत्या, टाके वेडेवाकडे. गाठ मात्र एका हातात, एका झटक्यात. मग तो हात लगेच गेला नाही. पट्टीवर तळवा टेकवून तसाच राहिला, जसं काही कुणाच्या पाठीवर ठेवलाय. आता तिला माहीत होतं, बघणारा कोण आहे. मी काचेवर बोट ठेवलं तर सगळं चित्र लहान झालं, आणि ते पुन्हा मोठं करेपर्यंत हात गेलेला होता.

गुरम्मा आली, तिनं मोबाइल डब्याला टेकवला आणि पट्टी बघून पदर तोंडाला लावला. मी म्हणालो, "परटानं हरवली म्हणालतीस." ती म्हणाली, "मग काय. परीट गेला असंल इंग्लंडात." आणि मागं वळून डाळ धुवायला लागली. तिचे खांदे हलत होते. हसत होती की काय, ते मी बघायला गेलो नाही.

पिलं निघाली. ओली, चिपाड अंगाची, मग सुकून कापसासारखी. आणि आज भर दुपारी बदकीण उठली, भोकातून बाहेर गेली आणि परत आली नाही. खालून तिचा आवाज यायला लागला, बारीक, एकसारखा. चनबसप्पा गादीवर होता, असू दे म्हटलं, आज मोबाइल वळवला नाही. पिलांनी माना वर केल्या. एक पट्टीवर चढलं, घसरलं, पुन्हा चढलं. नखं विणीत रुतत होती आणि सुटत होती. मी नकळत "हां, हां" करत होतो. ते भोकात जाऊन उभं राहिलं, उजेडात एवढासा काळा ठिपका, आणि गेलं. मग दुसरं. मग एकामागून एक. चनबसप्पा म्हणाला, "अरे देवा, एवढ्या उंचावरनं?" एकच मागं राहिलं. ते अर्ध्यावर जायचं आणि खाली यायचं. आईचा आवाज लांब जायला लागला, तिला बाकीची घेऊन पाण्याकडं जायचं होतं. पिलू पेटीच्या कोपऱ्यात जाऊन बसलं. तिथं पेटीजवळ माणसानं ब्रसुद्धा काढायचा नसतो, पक्ष्याला माणसाची सवय लागू नये म्हणून, हे गुरम्मानं मला सांगितलं होतं. आणि तरी बाहेरून, अगदी लाकडाला तोंड लावल्यासारखा, माणसाचा आवाज आला.

"बा."

जरा थांबून पुन्हा. "बा... बारव्वा... बा."

आमच्या घरच्या कानडीत बा म्हणजे ये. दुसरा बा लांबवलेला आणि शेवटचा तुटक. तसं आमच्या गल्लीत कुणी म्हणत नाही, गुरम्मासुद्धा नाही. मी म्हणतो. गोदामात सुताच्या गठ्ठ्यांवर चढून बसायची काव्या, तीन वर्षांची, चढताना काही वाटायचं नाही आणि वर गेल्यावर खाली बघून रडायला लागायची. मी खाली हात पसरून उभा राहायचो. अंगभर कापसाचा भुसा, बाहेर मागांचा खडखडाट, आणि मी म्हणायचो, ये गं पोरी, पडू देणार नाही, बा, बारव्वा, बा. ती डोळे मिटून उडी मारायची. छातीवर येऊन आदळायची ती, दम लागायचा मला. मग लगेच उतरून पुन्हा गठ्ठ्यांकडं पळायची, पुन्हा बोलावा म्हणून. किती वेळा बोलावलं असेल. त्या काळात मला आवाज द्यायला काही जड जायचं नाही.

पिलू उठलं. मोराच्या मानेवर पाय देत देत वर गेलं, भोकात उभं राहिलं, आणि बाहेरून पुन्हा तोच आवाज आला, आता हसल्यासारखा, की रडल्यासारखा. मग भोकात नुसता उजेड उरला. पेटीत पिसं होती, अंड्यांची टरफलं होती, आणि चादरीची पट्टी जराशी हलत होती.

"कुटं निघालाव सावकार?" चनबसप्पा म्हणाला. "या असल्या उन्हात?"

मी खाली बघितलं. मी गादीवरून उतरून रस्त्याकडं तोंड करून उभा होतो, आणि पायांत चपला घातलेल्या होत्या.